ग्रंथालयाचे संकेतस्थळ : पैसे कशावर घालावेत?

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावचे ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तके १४,०००. वेळा, वर्गणी, कार्यक्रम आणि पुस्तकांचा शोध, एवढे संकेतस्थळावर हवे आहे. एका व्यावसायिकाने सगळे नव्याने तयार करण्याचा दिलेला दर आम्हांला झेपणारा नाही. काय करावे?

उत्तर : माहितीची पाने आणि ग्रंथसूची ही दोन कामे आधी वेगळी करा. नव्याने प्रोग्रॅम लिहून घेण्याची गरज दोन्हींसाठी नाही. पानांना वर्डप्रेस (पाने तयार करण्याचे मोफत सॉफ्टवेअर) आणि साधे शेअर्ड होस्टिंग (अनेक संकेतस्थळांनी मिळून वापरायची भाड्याची सर्व्हरची जागा) पुरते. सूचीसाठी आणि देवघेवीसाठी ‘कोहा’ आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेले, २००० पासून वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर. परवाना शुल्क नाही. पण शेअर्ड होस्टिंगवर ते चालत नाही, डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालीवरचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) लागतो आणि रॅम ४ जीबी धरावी. हे मासिक भाडे जड वाटत असेल तर कोहा वाचनालयातल्याच संगणकावर बसवून देवघेव सुरू करा आणि संकेतस्थळावर तूर्त फक्त नवीन पुस्तकांची यादी द्या. १४,००० ओळींचा तक्ता एकाच पानावर टाकू नका, वाचकाचा मोबाइल अडकतो.

कोहा बसवणाऱ्याला झेब्रा या शोधयंत्रणेसाठी ‘आयसीयू’ ही युनिकोड अक्षरे हाताळणारी सोय निवडायला सांगा. तसे न केल्यास देवनागरीत टाइप केलेले शब्द नीट सापडत नाहीत, आणि नंतर बदलले तर सगळी सूची री-इंडेक्स करावी, म्हणजे शोधासाठी पुन्हा नव्याने लावून घ्यावी लागते.

खरा खर्च पुस्तकांच्या नोंदी संगणकात भरण्याचा आहे. म्हणून आधी निर्लेखित (नोंदवहीतून कमी केलेली) पुस्तके वगळा, मग गेल्या तीन वर्षांत फिरलेली पुस्तके घ्या, बाकीची सवडीने. लेखकाचे नाव एकाच पद्धतीने लिहायचे हे पहिल्या दिवशीच ठरवा; ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘पु.ल.देशपांडे’ हे सूचीच्या लेखी दोन लेखक असतात.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, वाचनालयाच्या नावाने आणि वाचनालयाच्याच ईमेलवर घ्या. व्यावसायिकाच्या किंवा चिटणिसांच्या खाजगी खात्यावर असले, की माणूस बदलल्यावर पासवर्डसाठी विनवण्या कराव्या लागतात. पहिल्या वर्षीच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या सेवेकडून मोफत मिळते, दरपत्रकात त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा.

प्रश्न : आमची यादी श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, एक्सेलमध्ये आहे. संकेतस्थळावर ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

उत्तर : जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरेच, मराठी हा फक्त त्यांचा चेहरा. त्याच फॉन्टसाठी असलेला युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी प्रमाणित अक्षरपद्धती) परिवर्तक वापरा आणि आधी ५० ओळींवर तपासा. रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ इथेच घोटाळे होतात. फक्त मराठी रकाने बदला, नाहीतर आयएसबीएन आणि इंग्रजी नावांचीही वाट लागते. शेवटी फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

प्रश्न : जुनी पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावीत का?

उत्तर : लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटली असतील तर ठेवता येतात. नाटककार राम गणेश गडकऱ्यांचे निधन १९१९चे, तेव्हा त्यांची नाटके चालतील; मात्र अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा वगळा, त्यांचे हक्क वेगळे असतात.