डार्कट्रेस ही सायबर सुरक्षा कंपनी इतक्या लवकर मोठी कशी झाली?

कारण तिने प्रश्नच उलट बाजूने धरला. पारंपरिक अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी बाळगतो. यादीत नसलेला हल्ला त्याच्या नजरेतून सहज सुटतो. २०१३ साली केंब्रिजमध्ये सुरू झालेली डार्कट्रेस हल्ले ओळखायला शिकत बसत नाही. ग्राहकाच्या नेटवर्कवर एरवी काय चालतं, हे ती मशीन लर्निंगने शिकते. उद्या हिशेब विभागातला एखादा कॉम्प्युटर मध्यरात्री अनोळखी सर्व्हरकडे भरमसाट डेटा पाठवू लागला, तर तो व्हायरस नवा की जुना याने फरक पडत नाही, वेगळं वागणं लगेच दिसतं.

अर्थात यात खोटे इशारेही येतात आणि ते निस्तरायला माणसं लागतातच. विक्रेते हे जरा हळू आवाजात सांगतात!

गणितज्ञ आणि ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांतले माजी अधिकारी एकत्र आल्याने सुरुवातीलाच वजन मिळालं. ब्रिटिश उद्योजक माइक लिंच यांच्या इन्व्होक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचा पैसाही होता. एप्रिल २०२१ मध्ये कंपनी लंडन शेअर बाजारात आली. २०२३ मध्ये एका शॉर्ट सेलरने (शेअर पडण्यावर पैसा लावणाऱ्याने) तिच्या हिशेबांवर शंका घेतली, शेअर आपटला. तरीही २०२४ मध्ये थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने ती सुमारे ५३० कोटी डॉलरना विकत घेतली.