पहिली इलेक्ट्रिक गिटार बनवतोयस तर लाकडाचं एवढं टेन्शन नको

अरे ऑल्डर, ॲश, महोगनी सोडून बाकी लाकडं दुय्यम असं काही नसतं रे. फेंडर कंपनीने 1956 च्या सुमारास त्यांच्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या बहुतेक बॉडीज ॲशवरून ऑल्डरवर नेल्या, डॅनइलेक्ट्रो कंपनीने तर मेसोनाइटच्या (दाबून बनवलेल्या लाकडी भुश्याच्या बोर्डच्या) गिटारी विकल्या, आणि क्वीन बँडच्या ब्रायन मेने वडिलांसोबत जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून आपल्या गिटारचा नेक (तारांखालचा लांब दांडा) कोरला, ती गिटार अजून वाजतेय! आवाजात पिकअप (तारांचं कंपन टिपणारी चुंबकं), त्यांची उंची आणि तारा यांचाच वाटा मोठा, माझं मत तरी हेच.

त्यामुळे बॉडीला पाइन, पॉप्लर, अक्रोड, साग जे आवडेल ते घे, फक्त पूर्ण वाळलेलं हवं, ओलावा साधारण 6 ते 8 टक्के, आणि फळी आधी हातात उचलून वजन बघ. सागाने ब्लेड लवकर बोथट होतं, पाइनवर नखाने पण खड्डा पडतो हे लक्षात ठेव.

नेकमध्ये मात्र पहिल्यांदाच प्रयोग नको. तिथे तारांचा ताण कायम असतो म्हणून सरळ रेषांचं हार्ड मेपल घे, क्वार्टरसॉन (वार्षिक वलयं फळीच्या पृष्ठभागाला उभी येतील असं कापलेलं) मिळालं तर फारच छान, आणि ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत बसवायचा धातूचा दांडा) घालायचाच. फ्रेटबोर्डला (नेकवरची, बोटं दाबायची पट्टी) रोजवूड घेतलंस तर घासताना मास्क नक्की लाव, ती धूळ श्वासाला आणि त्वचेला खूप त्रास देते.