केस गळतीसाठी फिनास्टेराइड १ मि.ग्रॅ. रोज घेतोय, वय ४३. दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं का?

नाही, तशी गरज नसते. यकृताचा जुना आजार असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा, कारण ही गोळी यकृतातच पचते.

तुमच्या वयात खरा महत्त्वाचा मुद्दा पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा. या गोळीमुळे तो आकडा साधारण निम्म्यावर येतो. माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्ट २.४ आला, 'नॉर्मल' म्हणून आम्ही निश्चिंत झालो. गोळी चालू आहे हे कळल्यावर यूरॉलॉजिस्टनी पेनाने शेजारी '×२ = ४.८' लिहिलं आणि पुढच्या तपासण्या सांगितल्या. म्हणून शक्य असल्यास गोळी सुरू करण्याआधीच एक पीएसए करून ठेवा. तुम्ही सुरू केलीच आहे, तर पुढच्या प्रत्येक चाचणीच्या वेळी गोळीचं नाव आठवणीने सांगा. केसांची गोळी म्हणून लोक ती औषधांत धरतच नाहीत!

बाकी लक्ष स्वतःकडे ठेवा. कामेच्छा कमी होणं, स्तनात गाठ किंवा दुखणं, आणि विशेषतः मन उदास राहणं. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. असं काही जाणवलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा, घरच्यांनाही ही लक्षणं सांगून ठेवा.

गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. गोळी बंद केल्यावरही महिनाभर रक्तदान टाळा.