२०१८-१९ ची काफ (आफ्रिकन फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीग नक्की कोणी जिंकली? अंतिम सामना पुन्हा खेळवला गेला होता का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की एका ठिकाणी विजेता म्हणून एस्पेरान्स दिसतो, दुसरीकडे "अंतिम सामना पुन्हा होणार" अशी बातमी सापडते, तिसरीकडे क्रीडा लवादाने तो निर्णयच रद्द केला असं म्हटलंय. शिवाय २०१८ चा विजेताही एस्पेरान्स, मग ही एकच स्पर्धा दोनदा मोजली आहे का, अशी तुमची शंका आहे.

विजेता ट्युनिसचा एस्पेरान्सच, अंतिम फेरीत समोर मोरोक्कोचा विदाद कासाब्लांका होता. सामना पुन्हा झाला नाही. २०१८ आणि २०१८-१९ हे दोन वेगळे हंगाम आहेत आणि दोन्ही एस्पेरान्सने जिंकले. तुम्हाला सापडलेल्या तिन्ही बातम्या त्या त्या तारखेला खऱ्या होत्या. घोळ होतो तो तारीख न बघता वाचल्यामुळे.

कॅलेंडरचं आधी बघू, कारण ते समजलं की निम्मा गोंधळ संपतो. पूर्वी काफची क्लब स्पर्धा एकाच कॅलेंडर वर्षात बसायची, वर्षाच्या सुरुवातीला सुरू होऊन नोव्हेंबरच्या आसपास संपायची. २०१७ मध्ये काफने आफ्रिकन नेशन्स कप (देशांच्या संघांची स्पर्धा) जानेवारी-फेब्रुवारीतून जून-जुलैत नेला आणि क्लब हंगामही ऑगस्ट ते मे करायचं ठरवलं. या दोन पद्धतींना जोडणारा सांधा म्हणजे २०१८-१९ चा हंगाम. २०१८ चा अंतिम सामना ९ नोव्हेंबरला संपला (एस्पेरान्सने इजिप्तच्या अल अहलीविरुद्ध पहिला सामना १-३ हरून परतीचा ३-० जिंकला), आणि नव्या हंगामाची प्राथमिक फेरी २७ नोव्हेंबरला सुरू झाली. मध्ये फक्त अठरा दिवस. गटसाखळी जानेवारी ते मार्च, उपांत्यपूर्व फेरी एप्रिलमध्ये, आणि अंतिम फेरी २४ व ३१ मे २०१९ ला. त्यामुळे एका क्लबला सात महिन्यांच्या आत दोन विजेतेपदं मिळाली. सुपर कप (आफ्रिकेतल्या दोन क्लब स्पर्धांच्या विजेत्यांमधला सामना) शोधताना इथेच पाय घसरतो. मार्च २०१९ मध्ये राजा कासाब्लांकाकडून १-२ हरलेला एस्पेरान्स २०१८ चा विजेता म्हणून खेळत होता, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये झमालेककडून १-३ हरलेला २०१८-१९ चा.

अंतिम सामन्याकडे वळण्याआधी गटसाखळीतल्या दोन गोष्टी सांगतो, कारण या हंगामात गुणतक्ता नुसता वरवर बघून चालत नाही.

पहिली ड गटाची. आपल्याकडे आयपीएलमुळे नेट रन रेटची इतकी सवय झाली आहे की हा तक्ता बघून कोणालाही छापण्यात चूक झाली असं वाटेल. अल अहली १० गुण, सिंबा ९, जेएस साऊरा ८, एएस व्हिटा ७. गोलफरक मात्र अनुक्रमे +८, -७, -३ आणि +२. म्हणजे तळाच्या संघाचा फरक अधिक दोन आणि पुढच्या फेरीत गेलेल्या दुसऱ्या संघाचा उणे सात! टांझानियाच्या सिंबाने (स्वाहिलीतही या शब्दाचा अर्थ सिंहच) दार-एस-सलाममधले तिन्ही सामने जिंकले: साऊरावर ३-०, अल अहलीवर १-०, व्हिटावर २-१. बाहेरचे तिन्ही हरले: किन्शासात ०-५, इजिप्तमध्ये ०-५, अल्जीरियात ०-२. शेवटच्या दिवसाआधी हाच संघ सहा गुणांवर तळाला होता. व्हिटाविरुद्ध पिछाडीवरून बरोबरी साधलेली, पण बरोबरीने सातच गुण झाले असते आणि घरी जावं लागलं असतं. क्लाटस चामाचा विजयी गोल अगदी अखेरच्या क्षणी आला. त्याच वेळी अल अहलीने साऊराला ३-० हरवलं आणि चौथ्या क्रमांकाचा संघ दुसरा झाला. बाहेर पाच खाल्ले काय आणि एक खाल्ला काय, गुण शून्यच. आफ्रिकेतल्या या स्पर्धेत घरचं मैदान म्हणजे अर्धी लढाई. लांबचे आणि तुटक विमानप्रवास, हवामानातला फरक, भरलेलं स्टेडियम, सगळं पाहुण्या संघाच्या अंगावर येतं. गुणांच्या हिशेबात घर सांभाळलं की पुरतं, हे सिंबाने दाखवलं. पुढे उपांत्यपूर्व फेरीत टीपी माझेंबेशी घरी ०-० झालं आणि लुबुम्बाशीत १-४ हरून ते बाहेर पडले, तो भाग वेगळा.

याच फेरीत अल अहलीचं जे झालं तेही याच चालीचं. प्रिटोरियात मामेलोडी सन्डाउन्सने त्यांना ५-० लोळवलं. परतीच्या सामन्यात अल अहली १-० जिंकली, पण त्याचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट अ गटाची. विदाद कासाब्लांका आणि सन्डाउन्स दोघेही १० गुणांवर. अशा वेळी काफ एकूण गोलफरक आधी बघत नाही, त्या दोघांमधले सामने बघते. सन्डाउन्सने घरी २-१, विदादने घरी १-०. गुण तीन-तीन, गोल दोन-दोन. मग परक्या मैदानावरचे गोल मोजायचे: विदादचा प्रिटोरियात एक, सन्डाउन्सचा मोरोक्कोत एकही नाही. पहिला क्रमांक विदादचा. प्रिटोरियात हरताना केलेला तो एक गोल दोन महिन्यांनी असा कामी आला. हेच दोन संघ उपांत्य फेरीत पुन्हा भिडले, विदादने २-१ आणि ०-० ने बाजी मारली.

एस्पेरान्सचा मार्ग त्या मानाने सरळ. ब गटात १४ गुण, चार विजय, दोन बरोबरी. मग अल्जीरियाच्या सीएस कॉन्स्टंटीनवर ३-२ आणि ३-१, माझेंबेवर १-० आणि ०-०. गटसाखळीपासून एकही हार नाही. प्रशिक्षक मोईन शाबानी. समोर विदादच्या बाकावर फौझी बेन्झार्ती, म्हणजे दोन्हीकडे ट्युनिशियाचेच प्रशिक्षक. एस्पेरान्सची स्थापना १९१९ ची, त्यामुळे ही शताब्दीची ट्रॉफी होती आणि रादेसमध्ये, म्हणजे ट्युनिसजवळच्या त्यांच्या घरच्या मैदानावर, वातावरण किती तापलेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. पहिला सामना २४ मे, मोरोक्कोतलं रबात, १-१. एस्पेरान्सचा गोल फुसेनी कुलिबालीचा, बरोबरीचा शेख कोमाराचा. हा निकाल लक्षात ठेवा: दोन्ही सामन्यांची बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ जिंकणार होता. परक्या मैदानावरचा गोल एस्पेरान्सच्या खिशात असल्याने रादेसमध्ये त्यांना ०-० सुद्धा पुरलं असतं. विदादला गोल करणं भागच होतं.

दुसरा सामना ३१ मे, पंच गाम्बियाचे बाकारी गासामा. ४१ व्या मिनिटाला युसेफ बेलैलीने एस्पेरान्सला १-० पुढे नेलं. ५९ व्या मिनिटाला वलीद एल कर्तीने हेडरने चेंडू जाळ्यात घातला आणि सहायक पंचाचा झेंडा वर गेला: ऑफसाइड, म्हणून गोल अमान्य. रिप्ले बघितला तर तो ऑनसाइड वाटतो, माझंही तेच मत आहे. विदादच्या खेळाडूंनी व्हीएआरची (व्हिडिओ बघून पंचांना मदत करणाऱ्या यंत्रणेची) मागणी केली. मैदानाकडेला मॉनिटर होता, पण यंत्रणा चालत नव्हती. ती बंद असल्याचं सामन्याआधी दोन्ही कप्तानांना सांगितलं होतं की नाही, हाच पुढे वादाचा विषय झाला. विदादचं म्हणणं, आम्हाला कोणी कल्पना दिली नाही. ते खेळायला तयार होईनात. काफचे अध्यक्ष अहमद अहमद स्वतः मैदानात उतरले, चर्चा झाल्या, आणि सुमारे दीड तासाने गासामांनी सामना संपल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री ट्रॉफी एस्पेरान्सच्या हातात गेली.

इथे तीन गोष्टी लोक हमखास एकत्र कालवतात.

"गोल मान्य झाला असता तर विदाद विजेता" हे चूक. स्कोअर १-१, बेरीज २-२, परके गोल एक-एक. म्हणजे फक्त बरोबरी, आणि खेळायला अर्धा तास शिल्लक.

"व्हीएआर बंद तर सामना बाद" हेही चूक. फुटबॉलच्या नियमावलीत स्पष्ट आहे: व्हीएआरची यंत्रणा बिघडली, किंवा व्हीएआरचा निर्णय चुकला, तरी त्या कारणाने सामना रद्द ठरत नाही. यंत्रणा नसेल तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय अंतिम. काही जण विचारतात की गासामांनी टीव्हीवरचा रिप्ले का बघितला नाही. तशी मुभाच नाही. अधिकृत यंत्रणेबाहेरचं चित्रण बघून पंच निर्णय फिरवू शकत नाही.

तिसरी गोष्ट मैदान सोडण्याची. पंचांच्या परवानगीशिवाय जो संघ खेळ सोडतो किंवा खेळायला नकार देतो तो पराभूत, असं काफच्या नियमांत आहे. "आम्ही मैदान सोडलं नाही, व्हीएआर सुरू होण्याची वाट बघत होतो," हा विदादचा बचाव होता. ऐकायला बरा आहे, पण पंच खेळा म्हणत असताना न खेळणं म्हणजे नकारच. निषेध नोंदवून खेळत राहिले असते तर तो गोल परत मिळाला नसता, हे मान्य. पण तीस मिनिटांत एक गोल त्यांना अशक्य होता असं कोण म्हणेल? काफने अंतिम सामन्याला नादुरुस्त यंत्रणा ठेवली हा गलथानपणाच, आणि त्या रागात विदादने हातातला अर्धा तास घालवला.

यानंतर पाच टप्पे झाले, ते तारखेनिशी वाचा. ५ जून २०१९ ला काफच्या कार्यकारी समितीने पॅरिसमधल्या तातडीच्या बैठकीत ठरवलं की खेळाची आणि सुरक्षेची परिस्थिती योग्य नव्हती, सबब दुसरा सामना नेशन्स कपनंतर तटस्थ मैदानावर पुन्हा खेळवायचा आणि एस्पेरान्सने ट्रॉफी व पदकं परत करायची. तुमची "पुन्हा होणार" बातमी ही. दोन्ही क्लब लोझानच्या क्रीडा लवादाकडे, म्हणजे कॅसकडे गेले. ३१ जुलैला कॅसने तो निर्णय रद्द केला, पण कारण नीट बघा: असा आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी समितीला नाही, इतकंच. विजेता कोण यावर कॅसने तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं, प्रकरण काफच्या सक्षम समित्यांकडे परत पाठवलं होतं. "कॅसने एस्पेरान्सला विजेता केलं" असं त्या तारखेच्या संदर्भात वाचलंत तर ते चूक आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काफच्या शिस्तपालन मंडळाने विदादने सामना सोडला असा निष्कर्ष काढून एस्पेरान्सला विजेता ठरवलं आणि विदादला त्यासाठी २०,००० डॉलर दंड केला. सप्टेंबरमध्ये काफच्या अपील मंडळानेही तेच कायम ठेवलं. विदाद पुन्हा कॅसकडे गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते अपील फेटाळलं गेलं. तिथे प्रकरण मिटलं.

म्हणून कुठे नोंद करणार असाल तर "एस्पेरान्सने २-१ ने जिंकली" एवढंच लिहू नका. पहिला सामना १-१, दुसरा ५९ व्या मिनिटानंतर १-० असताना थांबला, विदादने खेळ सोडल्यामुळे एस्पेरान्स विजेता, असं लिहा. हे त्यांचं चौथं विजेतेपद, १९९४, २०११ आणि २०१८ नंतरचं.

या प्रकरणानंतर त्याच उन्हाळ्यात काफने अंतिम फेरी एका सामन्याची, तटस्थ मैदानावर करायचं ठरवलं. तसा पहिला सामना कोविडमुळे लांबून नोव्हेंबर २०२० मध्ये कैरोत झाला, आणि खेळले कोण तर कैरोचेच अल अहली आणि झमालेक. २०२२ चा "तटस्थ" सामना कासाब्लांकात ठरला आणि नेमका विदाद अंतिम फेरीत पोहोचला. स्वतःच्या घरी त्यांनी अल अहलीला २-० हरवलं. पुढच्या हंगामापासून पुन्हा घरी-बाहेरचे दोन सामने सुरू झाले.