संक्रांतीलाच मोडणारे संकल्प

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून नाशिकला एका कार्यालयात नोकरी करते. रक्तातील साखर काठावर आल्यामुळे डॉक्टरांनी नियमित चालायला सांगितले आहे. त्याप्रमाणे १ जानेवारीपासून रोज पहाटे साडेपाचला उठून तासभर चालण्याचा संकल्प केला. सुरुवातीचे काही दिवस निभावले. मग थंडीचा कडाका वाढला. त्यातच नळाला पाणी नेमके त्याच वेळी येते आणि पाठोपाठ मुलांचे डबे असतात. संक्रांतीला पाहुणे आले आणि तेव्हा पडलेला खंड आजतागायत भरून निघालेला नाही. २१ दिवस नेटाने केले की सवय लागते, असे ऐकले होते. माझे तेवढेही झाले नाहीत. दरवर्षी हेच घडते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाण्याचा नेम मात्र मी लग्नापासून एकदाही मोडलेला नाही. मग इथेच माझी चिकाटी कमी का पडते? आता गुढीपाडव्यापासून नव्याने सुरुवात करावी का?

उत्तर : चातुर्मासाचे वाक्य आपण ओघात लिहिले असावे, पण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने, तेही वर्षानुवर्षे, जी व्यक्ती एक नेम न चुकता पाळते, तिच्यात चिकाटी नाही असे मानायला कोणताही आधार नाही. तेव्हा तो नेम कसा पाळला जातो, हेच बारकाईने पाहू. कांदेनवमीला भजी-थालीपिठे होतात, उरलासुरला कांदा संपवला जातो आणि त्यानंतर टोपलीत कांदा नसतोच. भाजीचे वाटण बदलते, घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असते, आणि बाहेर कुणी आग्रह केला तर ‘चातुर्मास आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. काय करायचे नाही, केव्हापासून आणि केव्हापर्यंत, यात कसलीही संदिग्धता नसते. म्हणजेच तो नेम आपण एकट्या पाळत नाही. सबंध घर त्यासाठी आपली रीत बदलते.

पहाटेच्या चालण्यासाठी घरातले काय बदलले? आपल्या पत्रावरून तरी काहीच नाही. पाणी आपणच भरायचे, डबे आपणच करायचे आणि त्याच वेळेतून एक तास आपणच काढायचा, अशी ही योजना होती. ती इतके दिवस टिकली हेच विशेष. आपल्याकडच्या अनेक नोकरदार स्त्रियांचे संकल्प मनाच्या दुबळेपणामुळे मोडत नाहीत, तर घराने त्यांच्यासाठी अर्धा तासही मोकळा केलेला नसतो म्हणून मोडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे पहिले काम हे की पाणी भरण्याची जबाबदारी आठवड्यातले पाच दिवस आपल्या पतींनी किंवा मोठ्या मुलाने घ्यावी, असे घरात बसून ठरवावे. ‘जमेल तेव्हा मदत करा’ असे मोघम न म्हणता वार ठरवून द्यावेत.

दुसरी गोष्ट वेळेची आणि मापाची. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भरभर चालण्याने ती पूर्ण होते आणि तिचा हिशेब पाच दिवस रोज ३० मिनिटे असा बसतो. आपण पहिल्याच दिवसापासून याच्या दुपटीहून अधिक अंगावर घेतले, तेही नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे. चालणे पहाटेच झाले पाहिजे असेही नाही. संध्याकाळी कार्यालयातून निघाल्यावर घरी न जाता थेट मैदानावर जाणे आपल्याला अधिक सोपे पडेल, कारण एकदा घरात पाऊल टाकले की स्वयंपाकघर सुटत नाही. चालण्याचे बूट कार्यालयातच ठेवावेत. अमुक एक गोष्ट घडली की तमुक करायचे, असे आधीच नेमके ठरवून ठेवल्यास ठरवलेले हातून घडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

आता २१ दिवसांविषयी. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लेखनातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि नोंदींवरून बांधलेल्या अंदाजानुसार माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला अधिक काळ लागला. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले, तर मार्चचा पहिला आठवडा उजाडतो. आपण मात्र संक्रांतीलाच स्वतःविषयी निकाल देऊन मोकळ्या झालात. याच अभ्यासात असेही आढळले की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. व्रतात खंड पडला की व्रत मोडते, ही आपल्या मनातली धारणा इथे लावू नये. पाहुणे येतील, हळदीकुंकवाची बोलावणी रथसप्तमीपर्यंत चालू राहतील. ते दिवस सुटले तर सुटू द्यावेत आणि पुढच्या ठरलेल्या वारी पुन्हा निघावे.

पाडव्याची वाट पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याची पहिली तारीख किंवा नवे वर्ष अशा वेळी व्यायामाचा उत्साह वाढतो, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनातही दिसून आले आहे, त्यामुळे मुहूर्ताची ओढ खोटी नाही. परंतु त्यासाठी येता सोमवार पुरेसा आहे. साखर काठावर असताना कित्येक आठवडे सोडून देणे परवडणारे नाही. गुडघे किंवा छातीचा काही त्रास असेल, तर वेग वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, वय २७. रात्री मोबाइल पाहायचा नाही, बाहेरचे खायचे नाही, उधळपट्टी करायची नाही आणि रोज जिमला जायचे, असे चार संकल्प केले होते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत एकही उरला नाही. वर्षाची फी एकदम भरली तर जिमला जाणे होईल का?

उत्तर : आपल्या चारपैकी तीन संकल्प ‘करायचे नाही’ या प्रकारचे आहेत. स्वीडनमध्ये सुमारे १,०६६ जणांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला, तेव्हा एखादी गोष्ट करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी, तर टाळण्याचा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी आपण यशस्वी झाल्याचे सांगितले. म्हणून रात्री दहाला मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून उशाशी पुस्तक ठेवावे. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत आपोआप वळती होईल, अशी सूचना बँकेला एकदाच देऊन ठेवावी; मग महिनाभर मनाशी झगडावे लागत नाही. बाहेरच्या खाण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवावा, चारही आघाड्या एकदम उघडू नयेत.

वर्षाची फी मात्र भरू नये. सवलतीच्या मोहाने भरलेले पैसे कुणाला पहाटे उठवत नाहीत. आधी एका महिन्याची फी भरावी, आणि जिम निवडताना यंत्रे किती आहेत यापेक्षा ती आपल्या घर-कार्यालयाच्या वाटेवर आहे की नाही, हे पाहावे.