रसेलची किटली आणि मित्राचे वडील

प्रश्न: मावशी, मी 20 वर्षांचा आहे. दोनेक वर्षांपासून माझा देवावर विश्वास राहिला नाही, वाचून, विचार करून ठरवलंय, उगाच बंडखोरी म्हणून नाही. माझा शाळेपासूनचा जवळचा मित्र खूप श्रद्धाळू आहे. आमचे वाद व्हायचे पण मजेत. मागच्या महिन्यात त्याचे वडील गेले. काका माझेही लाडके होते, बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं. आठवड्याने मित्र म्हणाला, बाबा देवाजवळ आहेत, मला रोज जाणवतं. माझ्या तोंडून निघून गेलं की जाणवणं म्हणजे पुरावा नाही, आणि वर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या किटलीचं उदाहरण दिलं. तेव्हापासून तो बोलत नाही. आई म्हणते तुला माणुसकी उरली नाही. मी खोटं बोलायला हवं होतं का? की नास्तिकाने श्रद्धाळू लोकांशी या विषयावर बोलूच नये?
– किटलीवाला

अरे किटलीवाल्या,

तुझी सही वाचून हसले आणि मग पत्र परत वाचलं तेव्हा हसल्याचं वाईट वाटलं. आधीच सांगून टाकते, मी स्वतः देव मानते, म्हणजे रोज रात्री झोपताना प्रार्थना करते, पलीकडे कोणी ऐकतंय का याची गॅरंटी मागितलीस तर देता यायची नाही. तेव्हा माझ्या सल्ल्यातून तेवढं वजा करून वाच.

खोटं बोलायला हवं होतं का, तर नाही. पण खोटं बोलणं नाहीतर किटली काढणं एवढे दोनच पर्याय होते असं तुला का वाटलं? "मलापण काकांची फार आठवण येते रे" हे वाक्य होतंच की. त्यात देव आहे का नाही काहीच येत नाही आणि ते शंभर टक्के खरं आहे. पत्रात तू मला ते सांगितलंस, त्याला सांगितलं नाहीस, हे मला जास्त खटकलं.

आता तुझ्या त्या किटलीविषयी, कारण तू तिचा वापर चुकीच्या जागी केलास. रसेलने 1952 साली एका मासिकासाठी लेख लिहिला होता (गंमत म्हणजे ज्यांनी मागवला त्यांनी तो छापलाच नाही), त्यात तो म्हणतो की पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक चिनीमातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, इतकी छोटी की कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही, असं मी म्हणालो तर ते कोणी खोडून काढू शकणार नाही, पण म्हणून ते खरं मानायला हवं असं नाही. म्हणजे जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा. मुद्दा एकदम बरोबर. पण हे उत्तर कोणाला द्यायचं, जो तुला म्हणतो "देव नाही हे सिद्ध करून दाखव" त्याला. तुझा मित्र असं काही म्हणाला होता का? तो म्हणाला मला बाबा जाणवतात. त्याने तुझं मत विचारलं नव्हतं, दावा मांडला नव्हता, त्याचे दिवस कसे चाललेत ते सांगत होता. पेपरात प्रश्न एक आणि आपण पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं झालं तुझं. वीस वर्षांचं असताना असं होतं, नवीन शिकलेलं कुठे वापरू कुठे नको असं होतं, मी त्या वयात काय काय बोलून गेलेय ते इथे लिहीत नाही.

आणि रसेलचंच घ्यायचं तर 1948 साली बीबीसी रेडिओवर त्याचा आणि कॉपल्स्टन नावाच्या जेझुइट (कॅथलिक) धर्मगुरूचा देवाच्या अस्तित्वावर वाद झाला होता. त्याची सुरुवात मला फार आवडते. कॉपल्स्टन आधी म्हणतो, देव या शब्दाचा आपण काय अर्थ धरतोय ते ठरवून घेऊया, आणि अर्थ सांगतो, रसेल तो मान्य करतो. मग कॉपल्स्टन विचारतो की देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का, तर रसेल म्हणतो नाही, मी अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळत नाही असं मानणारा). म्हणजे दोघांनी आपापल्या रेषा आखून घेतल्या आणि मग वाद घातला, चांगला कडक घातला. आपण काय करतो, समोरचा "देव" म्हणाला की आपल्या डोक्यात आभाळात बसलेला कोणीतरी म्हातारा येतो आणि आपण त्याला झोडपायला लागतो, समोरच्याच्या मनात मात्र भलतंच काहीतरी असतं, कोणाला न्याय, कोणाला आधार, कोणाला नुसती सवय. पुढच्या वेळी वाद घालायचाच असेल तर आधी विचार, "तू देव म्हणतोस म्हणजे नक्की काय म्हणतोस?" आणि उत्तर खरंच ऐकायचं असेल तरच विचार हां. उत्तर आधीच ठरवून, समोरच्याला कोपऱ्यात घ्यायला विचारलेला प्रश्न लोकांना लगेच कळतो.

तुला एक खरी गोष्ट सांगते. चार्ल्स डार्विनचं लग्न ठरलं तेव्हा धर्माबद्दल त्याच्या मनात शंका होत्या. वडिलांचा सल्ला होता की बायकोपासून हे लपवून ठेव. त्याने लपवलं नाही, एमाला लग्नाआधीच सांगितलं. ती मनापासून श्रद्धाळू. 1839 च्या सुरुवातीला लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तिने त्याला पत्र लिहिलं, त्यातला एक मुद्दा असा की सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचं नाही ही विज्ञानातली सवय, ज्या गोष्टी तशा सिद्ध करताच येत नाहीत त्यांच्या बाबतीतही तुझ्या मनावर जास्त परिणाम करत नसेल ना? म्हणजे बघ, किटलीच्या शंभरेक वर्षं आधी किटलीला उत्तर. आणि वर लिहिलं की या सगळ्याला मला उत्तर नकोय. डार्विनला ते पटलं का, तर नाही, तो उलट श्रद्धेपासून लांबच गेला, 1851 मधे त्यांची दहा वर्षांची अ‍ॅनी गेली, त्यानंतर तर आणखीच. पण ते पत्र त्याने आयुष्यभर जपून ठेवलं आणि त्यावर लिहून ठेवलं की मी मेल्यावर तुला कळू दे, मी कितीतरी वेळा या पत्राचं चुंबन घेतलंय आणि यावर रडलोय. 43 वर्षं संसार केला दोघांनी. तिने त्याचं मत घेतलं नाही, त्याने तिचं नाही. मला विचारशील तर एमाचं पत्र चुकीचं असो की बरोबर, तिने ते ज्या सुरात लिहिलं ना तो सूर शिकण्यासारखा आहे.

बोलूच नये का म्हणतोस, तर अजिबात तसं नाही. गोरा म्हणून ओळखले जाणारे आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते 1944 मधे सेवाग्रामला जाऊन गांधींना भेटले आणि सरळ सांगितलं की अस्पृश्यता घालवायला मला नास्तिकता उपयोगी वाटते. गांधी त्यांना म्हणाले की माझी आस्तिकता बरोबर असं मी म्हणू शकत नाही आणि तुमची नास्तिकता चूक असंही नाही. दोघंही कामातले होते म्हणून त्यांना ते जमलं असं मला वाटतं. नुसतं समोरासमोर बसून देव आहे का नाही करत राहिलं की दोन दिवसात चिडचिड होते. मित्राबरोबर एरवी काहीतरी कर, सायकल दुरुस्त करा, अभ्यास करा, बोलणं मधे मधे आपोआप निघतं.

एक मात्र लक्षात ठेव, आदर म्हणजे सगळीकडे मान डोलावणं नाही. उद्या कोणी तुझ्यासमोर म्हणालं की औषध बंद कर, प्रार्थनेने बरं होईल, तर तिथे गप्प बसलास तर मी तुला ओरडेन. कोणाच्या जिवाला, पैशाला, हक्काला धक्का लागतोय तिथे बोलायचं, सूर चुकला तरी चालेल. बाकी ठिकाणी "ते खोटं आहे" ऐवजी "मला पटत नाही" म्हण. पुळचटपणा नाही तो, तुझ्याबद्दल तेवढंच तर तुला खात्रीने माहितीये.

"अनुभव येतील तेव्हा कळेल" म्हणणारे खूप भेटतील. हसून सोड. कदाचित कळेलही, कदाचित नाही, त्यांनापण माहीत नाही.

आईचं म्हणशील तर ती घाबरलीये. तिला वाटतंय देव गेला म्हणजे मुलगापण हातचा गेला. तिच्याशी देवावर बोलू नको सध्या, मित्राशी वाईट वागलो आणि मला त्याचं वाईट वाटतंय एवढं सांग तिला. माणुसकीचा प्रश्न तिथेच मिटेल बघ.

राहिला मित्र. सॉरी म्हणायचंय, पण मताबद्दल नाही, वेळेबद्दल. "तुझं मत पटलं आता" असलं काही लिहू नको, त्याला लगेच कळेल की खोटं आहे, शाळेपासून ओळखतो तो तुला. आणि मेसेजमधे "पण" हा शब्द आला की तो मेसेज फुकट, म्हणून पाठवायच्या आधी एकदा शोधून काढून टाक. लांबलचक लिहूही नको. "त्या दिवशी तू काकांबद्दल बोलत होतास आणि मी वाद घालत बसलो. चुकलं माझं. भेटायला येऊ का?" बास. उत्तर दोन आठवडे नाही आलं तरी परत परत विचारू नको, त्याच्या डोक्यात आत्ता तू फार खालच्या नंबरवर आहेस आणि ते बरोबरच आहे.

भेटलात की पट घेऊन जा. काकांनी तुला पहिल्यांदा कुठली चाल शिकवली, तू किती वेळा त्याच चालीत सापडलास, ते काय म्हणायचे तेव्हा, ते सगळं त्याला सांग. घरी मुलाबरोबर खेळणारे काका त्याला माहितीयेत, तुझ्याबरोबर खेळणारे कदाचित नसतील.

तुझी,
मावशी