डीफ्रॅग रात्रभर चाललं, सकाळी कॉम्प्युटर तसाच

प्रश्न : २०१६ साली लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला आमचा डेस्कटॉप हल्ली सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेतो. विंडोज १०, रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी. सोसायटीचे हिशेब मी त्यावरच लिहितो. भाचा म्हणाला, डीफ्रॅग करा. रात्रभर लावून ठेवलं, फरक शून्य. माझं काही चुकलं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही हो. भाच्याचा सल्लाही खोटा नाही, फक्त जुना आहे. विंडोज ९८च्या दिवसांत डीफ्रॅग लावलं की पडद्यावर रंगीत चौकोन सरकायचे आणि दुकानातली आम्ही पोरं कामधाम सोडून ते बघत बसायचो. तेव्हा फरकही पडायचा. चाळीत एकाच घरची माणसं तीन मजल्यांवर विखुरली, तर जेवायला हाका मारतानाच जीव जातो. फाइलचे तुकडे डिस्कभर पसरले की तिचंही तेच होतं. हार्ड डिस्कमधल्या, मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला आठेक मिलिसेकंद लागतात. तुकडा शोधायला दर वेळी थोडा वेळ जातो, आणि तुकडे हजारो असतात. डीफ्रॅग त्यांना शेजारी आणून बसवतं. पण विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरल्या वेळी आपोआप होतं. आवरलेलंच घर तुम्ही रात्रभर पुन्हा आवरलंत.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांच्या आसपास अडकला असेल, तर दुखणं तिथेच आहे. त्याच खिडकीतल्या ‘स्टार्टअप’मधून नको ती प्रोग्रॅम-मंडळी बंद करा. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवा.

खरा उपाय एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. विंडोज तिच्यावर हलवून घ्या, सुरू व्हायची मिनिटं सेकंदांवर येतील. रॅमही ८ जीबी करा. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून तिला डीफ्रॅगचा उपयोग नाही, उलट फुकटची झीज. विंडोज तिला ओळखून वेगळी देखभाल करतं, त्यामुळे डीफ्रॅगच्याच खिडकीतलं ‘ऑप्टिमाइझ’चं वेळापत्रक बंद करू नका.

पेटी उघडलीच आहे तर पंखाही बघा. मागे एक कॉम्प्युटर आला होता, देवघराशेजारी ठेवलेला. प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ आणि उदबत्तीची काजळी यांची गोधडीच जमली होती. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. ब्रशने साफ केलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली, पण वाळून पापुद्रे सुटलेली थर्मल पेस्ट बदलली, गिऱ्हाइकाचे पैसे वाचले.

विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि २०१६चा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. म्हणून या पेटीवर एसएसडी आणि रॅमपलीकडे खर्च करू नका. आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. सोसायटीचे सगळे हिशेब तिच्यावर तसेच असतात.